आंबा नव्हे, आंब्याचा भाव

महाजनच्या फायरिंग रेंजवर जानेवारीत साडेसहालाच अंधार पडतो आणि गारठा वाळूतून वर चढायला लागतो. त्या दिवशीचे फायरिंग संपले होते. तोफा साफ होऊन कव्हराखाली गेल्या होत्या, गिनती झाली होती, लंगरकडून डाळीच्या फोडणीचा वास येत होता. मी तंबूत बसून दिवसाचा हिशेब लिहीत होतो. बाहेरून आवाज आला, "साहेब, येऊ का? दोनच मिनिटं."

आमचा एक लान्स नायक. ट्रेडने ऑपरेटर, गाव बीड जिल्ह्यात. मराठी अधिकारी मिळाला की आमची मुले हिंदी बाजूला ठेवून मोकळी होतात, तसा तो माझ्यापाशी मोकळा झाला होता. आर्मी कॅडेट कॉलेजच्या परीक्षेची तयारी करत होता. नागरी वाचकांसाठी सांगतो: शिपाई म्हणून भरती झालेल्या तरुणाला अधिकारी होण्याचा एक रस्ता एसीसीतून जातो. लेखी परीक्षा, मग एसएसबी, मग देहरादूनला तीन वर्षे कॉलेज आणि त्यानंतर आयएमएत एक वर्ष. वयाची मर्यादा कडक आहे. याच्याकडे दोन संधी उरल्या होत्या.

हातात वही. म्हणाला, "साहेब, पुस्तकवाल्यानं गणित अर्धंच सोडलंय."

गणित होते: सोपे रूप द्या, ५क्ष + ४य − २क्ष − २य. (इंग्रजी अक्षरांऐवजी मी इथे आपले जुने क्ष आणि य लिहितो. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांची बीजगणिताशी ओळख त्यांच्यामार्फतच झाली.) पुस्तकातले उत्तर होते ३क्ष + २य. हा पठ्ठ्या तिथवर बरोबर आला होता आणि एक पायरी पुढे गेला होता. त्याचे उत्तर, ५क्षय.

"पुढची बेरीज राहिलीच होती ना साहेब. मधे अधिकचं चिन्ह तसंच आहे. ते उत्तर कसं असेल?"

मी काही बोलायच्या आत त्याने ताळाही दाखवला. क्ष एक धरला, य एक धरला. तीन अधिक दोन, पाच. पाच गुणिले एक गुणिले एक, पाच. ताळा जुळला!

ज्याने ताळा करून पाहिला त्याला आळशी कसे म्हणायचे? शिवाय त्याचा प्रश्नही रास्त होता. पहिलीपासून आपण मुलांना शिकवतो की अधिकचे चिन्ह म्हणजे हुकूम. दिसले की बेरीज करा आणि बरोबरच्या चिन्हापुढे एक आकडा लिहा. सात वर्षे हे पाठ करून घेतो आणि एके दिवशी सांगतो की आता इथे थांबा, अधिकचे चिन्ह तसेच ठेवा, हेच उत्तर. मुलाला ते अर्धवट वाटणारच. वाटले नाही, तर त्याने पहिली सात वर्षे लक्ष दिले नव्हते असे समजावे.

तेव्हा मला हे सुचले नाही. मी तेच केले जे माझ्या गुरुजींनी सातवीत माझ्याबाबत केले होते. त्यांनी तीन आंबे आणि दोन केळी घेतली होती, मी क्वार्टर मास्टरचे स्टोअर घेतले. "क्ष म्हणजे जर्सी, य म्हणजे कांबळे. तीन जर्सी आणि दोन कांबळी मिळून काय होते? पाच जर्सीकांबळी होतात का?" तो हसला. "नाही साहेब. तीन जर्सी, दोन कांबळीच." "मग?" "मग तसंच ठेवायचं." वही मिटून, सॅल्यूट ठोकून तो गेला. मलाही फार बरे वाटले. पाच मिनिटांत विषय संपला होता.

मंडळी, आज मी जे म्हणणार आहे ते हेच, की ती पाच मिनिटे मी वाईट शिकवले.

ते मला दोन महिन्यांनी कळले. तोवर आम्ही छावणीत परतलो होतो. सराव म्हणून मी त्याला एक साधे वाक्य दिले: एका सेक्शनमध्ये दहा जवान असतात, जवानांसाठी ज आणि सेक्शनसाठी स घेऊन समीकरण लिही. त्याने क्षणात लिहिले, १०ज = स. दहा जवान बरोबर एक सेक्शन. वाचायला अगदी बरोबर वाटते.

मी म्हटले, "समज, तीन सेक्शन आहेत. जवान किती?"

"तीस."

"आता तुझ्या समीकरणात ज च्या जागी तीस घाल."

त्याने घातले. दहा गुणिले तीस, तीनशे. बरोबर तीन. वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना, क्ष म्हणजे जर्सी. मग ज म्हणजे जवान."

हे मात्र बसले. फायरिंगमध्ये गोळा भलतीकडे पडला की आपण आधी तोफेचा डेटा तपासतो, गोळ्याला दोष देत नाही. इथे डेटा माझा होता. ज म्हणजे जवान नव्हे, जवानांची संख्या. स म्हणजे सेक्शन नव्हे, सेक्शनांची संख्या. जवानांची संख्या सेक्शनांच्या संख्येच्या दहापट, म्हणून ज = १०स. त्याच्या डोक्यात अक्षर म्हणजे वस्तू हे मी स्वतः, जर्सी आणि कांबळी देऊन, पक्के बसवले होते.

पुढे वाचल्यावर कळले की ही चूक आमच्या छावणीपुरती नाही. १९८१ च्या सुमारास अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना असेच वाक्य दिले होते: विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण लिहा. एक तृतीयांशाहून जास्त जणांचे चुकले आणि चुकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी समीकरण उलटे लिहिले. हे इंजिनिअर होणारे विद्यार्थी होते! त्या चुकीची कारणे एकाहून जास्त सांगतात. वाक्यातल्या शब्दांच्या क्रमाने चिन्हे मांडत जाणे हेही त्यातले एक. पण अक्षराला वस्तूचे नाव समजणे हे मोठे कारण आहे. ब्रिटनमध्येही सत्तरच्या दशकात शाळकरी मुलांच्या चाचण्या घेऊन अभ्यासकांनी याच सवयीवर बोट ठेवले होते.

फळांचे उदाहरण बेरजेपुरते उत्तर बरोबर काढून देते, म्हणून ते टिकून आहे. त्याची लबाडी दोन पाने उलटल्यावर कळते. ३क्ष गुणिले २य म्हणजे ६क्षय. तीन आंबे गुणिले दोन केळी म्हणजे काय, शिकरण? क्ष गुणिले क्ष म्हणजे आंब्याचा वर्ग? आणि ७क्ष मधून क्ष वजा केला तर ७ उरतात असे लिहिणारी मुले तुम्ही पाहिली असतील. तीही मूर्ख नसतात. "सात आंबे" मधून "आंबा" हा शब्द काढून टाकला की मागे "सात"च उरते. उदाहरण त्यांनी आपल्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे घेतलेले असते.

गंमत अशी की जे समजायला हवे ते प्रत्येक मराठी मुलाला दुसरीतच येत असते. ४७ आणि ३८ ची बेरीज करताना एकक एककाखाली मांडतो, दशक दशकाखाली. चार दशक आणि तीन दशक, सात दशक. सात एकक आणि आठ एकक, पंधरा एकक. चार दशक आणि आठ एकक मिळून बारा काहीतरी, असे कोणी करत नाही. हीच सरूप पदांची बेरीज. फरक फक्त हातच्याचा. पंधरा एककांतले दहा उचलून आपण एक दशक करतो, कारण दहा एककांचा एक दशक हे आपल्याला माहीत असते. बीजगणितात क्ष केवढा ते माहीत नाही. किती एकक दिले की एक क्ष होतो हे ठाऊक नाही, म्हणून हातचा घेता येत नाही. एवढेच. ३क्ष + ४ तसेच उभे राहते, कारण ४ ला क्षमध्ये बदलण्याचा दर आपल्याकडे नाही.

आणि ३क्ष + २क्ष = ५क्ष का? फळ तेच म्हणून नव्हे. तीन वेळा एक संख्या आणि दोन वेळा तीच संख्या, म्हणजे पाच वेळा ती संख्या. (३ + २) × क्ष. ३ × १७ आणि २ × १७ वेगवेगळे न करता ५ × १७ करणारा भाजीवाला हेच करतो. क्ष काय आहे ते माहीत नसले तरी चालते, पण दोन्हीकडे तोच हवा.

हे मी त्या मुलाला पुन्हा नव्याने सांगितले तेव्हा जर्सी आणि कांबळी टाकून दिली नाहीत. त्यांना फक्त भाव लावला. जर्सीची किंमत क्ष रुपये, कांबळ्याची य रुपये. तीन जर्सी आणि दोन कांबळी यांचे बिल ३क्ष + २य रुपये. आता क्ष ही संख्या झाली. आणि पाहा, दोन्ही पदे रुपयांतच आहेत, तरीही भाव कळेपर्यंत पुढे जाता येत नाही. ५क्षय म्हणजे जर्सीची किंमत गुणिले कांबळ्याची किंमत, त्याच्या पाचपट. असे बिल कोणता दुकानदार फाडेल? ७क्ष − क्ष म्हणजे सात जर्सींच्या बिलातून एकीचे पैसे परत मिळाले, तर सहा जर्सींचे उरले. सात रुपये नक्कीच नाहीत. मग त्यानेच विचारले, "साहेब, मागच्या वर्षीची जर्सी आणि या वर्षीची जर्सी, दोन्ही क्षच का?" भाव बदलला असेल तर नाही. जर्सी तीच, पण क्ष तोच नाही. फळांच्या उदाहरणातून हा प्रश्न कधीच उगवला नसता.

ताळ्याचेही सांगितले. शून्य आणि एक हे ताळ्याचे खोटे साक्षीदार. शून्य आणि शून्य घातले तरी ३क्ष + २य आणि ५क्षय जुळतात, एक आणि एक घातले तरी जुळतात. जरा अडचणीचे आकडे घ्यावेत. क्ष दोन, य सात: एकीकडे सहा अधिक चौदा, वीस, दुसरीकडे पाच गुणिले चौदा, सत्तर. एकदा जरी फुटले तरी संपले. जुळले म्हणजे मात्र सिद्ध झाले असे नाही, फक्त अजून फुटलेले नाही. हे वाक्य त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. मला वाटते ते त्याला बीजगणिताबाहेरही उपयोगी पडेल.

खरे तर त्याला मी तोफखान्यातूनच सुरुवात करून द्यायला हवी होती. गोळ्याच्या मार्गावर वाऱ्याचा परिणाम होतो, हवेच्या तापमानाचा होतो, चार्जच्या तापमानाचा होतो, तोफेच्या झिजेचा होतो. त्या सगळ्यांच्या दुरुस्त्या काढाव्या लागतात. रेंजच्या दुरुस्त्या मीटरमध्ये: समजा अधिक १२०, उणे ४५, अधिक ३०. एकूण अधिक १०५. लाइनच्या दुरुस्त्या मिलमध्ये, म्हणजे वर्तुळाचे ६४०० भाग केले की त्यातला एक: समजा डावीकडे ४, उजवीकडे ७. एकूण उजवीकडे ३. आता १०५ आणि ३ मिळून १०८ असे अगदी नवखा टेक्निकल असिस्टंटही करणार नाही. एकके वेगळी आहेत म्हणून? नुसते तेवढेच नाही. तोफेची नळी वर किती उचलायची तेही मिलमध्येच आणि बाजूला किती फिरवायची तेही मिलमध्येच. एकक एकच, पण आडवा मिल आणि उभा मिल यांची बेरीज केली तर गोळा कुठे जाईल ते सांगता येत नाही. वरून सारखे दिसते म्हणून एकत्र करायचे नाही. क्ष×क्ष×य आणि क्ष×य×य यांत अक्षरे तीच आहेत, पण ती दोन पदे वेगळी. उलट क्षय आणि यक्ष दिसायला वेगळे, पण एकच. हा मुलगा रोज रेडिओवर "राइट टू हंड्रेड, अ‍ॅड फोर हंड्रेड" पुढे पोचवत होता. दोन आकडे, दोन दिशा, कधीही एकत्र न केलेले. त्याला सरूप पदे येत होती. वहीत येत नव्हती.

आमच्या रेजिमेंटला शिक्षण कोअरचे एक हवालदार आहेत, ओडिशाचे. शिकवण्याचा अनुभव माझ्याहून कितीतरी जास्त. त्यांच्याशी मी हा वाद घातला आणि तो अजून संपलेला नाही. त्यांचे म्हणणे, "सर, पैंतालीस मिनट का पीरियड, चालीस जवान, आधे नाइट ड्यूटी करके आए हैं. सेब-केला बोलो तो सब जाग जाते हैं." वर त्यांनी माझ्यावरच उलटवले. आपण स्ट्रेंग्थ कशी लिहितो? १-३-३५. एक अधिकारी, तीन जेसीओ, पस्तीस जवान. दोन तुकड्या एकत्र आल्या की अधिकारी अधिकाऱ्यांत, जेसीओ जेसीओंत, जवान जवानांत. "ये भी तो सेब-केला ही हुआ न, सर?"

हुआ. मान्य आहे. वेगळ्याला वेगळे ठेवण्याची सवय लावायला ते उदाहरण चांगलेच आहे आणि थकलेल्या माणसाला जागे ठेवणे हेही शिक्षकाचेच काम. पण १-३-३५ मध्ये अक्षर कुठेच नाही. अज्ञात काहीच नाही. सगळे मोजून झालेले आहे. बीजगणित सुरू होते ते न मोजलेल्यापासून, आणि नेमके तेच फळांच्या टोपलीत हरवते. सेब-केला म्हणा ना, फक्त "सेब का भाव, केले का भाव" म्हणा. दोन शब्द वाढले, पीरियड काही वाढला नाही. यावर हवालदार साहेब हसतात आणि म्हणतात, देखेंगे सर. लष्करात याचा अर्थ काय होतो ते निवृत्त मंडळींना सांगायला नको.

आपल्याकडे तर याचे जुने बळ आहे. भास्कराचार्यांचे बीजगणित ११५० च्या सुमाराचे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, म्हणजे हा आपल्या परिसराशी जोडलेला माणूस. त्यांच्या पद्धतीत पहिल्या अज्ञाताचे नाव यावत्तावत्. जितके-तितके! नावातच परिमाण, वस्तू नाही. पुढच्या अज्ञातांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिले अक्षर. ज्ञात संख्येपुढे रूप या शब्दाचे रू. आपले ३क्ष + २य त्यांच्याकडे "या ३ का २" असे होई. मधे अधिकचे चिन्ह नाहीच. समान जातीच्यांची बेरीज-वजाबाकी करा, वेगळ्या जातीची असतील तर शेजारी शेजारी वेगळी उभी करा, असा नियम त्यांनी दिला आहे. वेगळे उभे राहणे हेच तिथे उत्तर. दोन अज्ञातांच्या गुणाकाराला मात्र वेगळे नाव, भावित, म्हणून "भा" ही खूण. म्हणजे ५क्षय साठी पुढे भा लिहावे लागे, आणि ते चुकून लिहिले जाणे कठीणच. माझ्या लान्स नायकाला अधिकच्या चिन्हाने हुकूम दिला होता. त्या मांडणीत हुकूम देणारे चिन्हच नव्हते.

जाता जाता शब्दांविषयी. आमच्या वेळी सजातीय आणि विजातीय पदे म्हणत. आता बालभारतीच्या पुस्तकात सरूप पदे म्हणतात. मला नवा शब्द पसंत आहे. सजातीय म्हटले की मन लगेच आंब्यांची जात शोधायला निघते (आणि आपल्या देशात फक्त आंब्यांचीच नाही). सरूप म्हटले की पदाच्या रूपाकडे बघावे लागते: अक्षरे तीच का, घातांक तेच का. बघायचे तेवढेच असते.

पहिल्या संधीला तो गणितात पडला. ती परीक्षा आमच्या त्या सेक्शनच्या गणिताआधीच झाली होती, म्हणजे तो माझी जर्सी आणि कांबळी घेऊनच पेपरला बसला होता. त्यातले किती गुण त्यांच्यामुळे गेले ते कळायला मार्ग नाही. तो म्हणतो, इंग्रजीनेही घात केला. बरे वाटावे म्हणून म्हणत असेल.

दुसऱ्या वेळेला लेखी निघाली. निकाल लागला त्या दिवशी मी दुसऱ्या पोस्टिंगवर होतो. फोनवर त्याने आधी घरचे विचारले, मग निकाल सांगितला, मग म्हणाला, "साहेब, गावाकडं पुतणी सातवीला आहे. तिला व्हिडिओ कॉलवर शिकवतोय. तिच्या बाईंनी आंबे आणि केळी दिलीत." मी विचारले, तू काय केलेस? "काय करणार. भाव लावून दिला."

पुढच्या महिन्यात त्याची एसएसबी आहे. तिथे बीजगणित विचारत नाहीत.